तिची स्वतःची लेव्हल

लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या नातीच्या घरी. पाटावर लॅपटॉप, त्याच्यापुढे नारळ, आणि आमच्या विहीणबाई बटणांच्या फटीत गेलेली एक अक्षत टाचणीने उकरून काढत होत्या. लॅपटॉप रुग्णालयाचा होता, नातीला काही महिने वापरायला दिलेला. तो परत करायचा आहे, असं मी सांगून पाहिलं.

"परत कराचा हाय म्हनून पूजा नाय कराची?" विहीणबाई म्हणाल्या. "मास्तर, आमी भाड्याचे ट्रकची पन करताव."

 

मी मास्तर नाही. न्हावा शेवा बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरी केली. कागदावर लिहिलेला माल आणि कंटेनरमधला माल एकच आहे का, हे बघण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे कशावरही मोठ्या अक्षरांत जे लिहिलंय त्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. आता खांदेश्वरला फ्लॅटमध्ये एकटा राहतो आणि वाचतो. हातात पुस्तक दिसलं म्हणून विहीणबाईंनी पहिल्याच भेटीत मला मास्तर करून टाकलं. लेक उरणच्या वाटेवरच्या एका गावात, आगरी घरात दिलेली. 'दिलेली' असं आपलं म्हणायचं. ठरवलं तिचं तिनेच, मी फक्त पंगतीला होतो. गाव आता गाव राहिलेलं नाही. जुन्या घराच्या जागी तीन मजले आलेत, खाली भाड्याने दिलेली दुकानं आहेत. पण वर राहणारी माणसं अजून एकाच घरात राहिल्यासारखी राहतात. विहीणबाई, त्यांचा थोरला मुलगा आणि सून, माझी लेक आणि जावई, आणि या सगळ्यांत मिळून एकच मूल, माझी नात. तिला सगळे 'बाय' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी बायच्या मेंदूत, मागच्या बाजूला, गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. त्या दिवसांबद्दल मी इथे लिहिणार नाही. गाठ गेली. तपासण्या चांगल्या येत राहिल्या, केस पुन्हा आले, तेही आधीपेक्षा कुरळे. घरात पेढे वाटले गेले. आणि मग हळूहळू आमच्या लक्षात आलं की पोरगी परत आली आहे, पण तिच्याशी बोलण्याची पद्धत आम्हाला बदलावी लागणार आहे. "बाय, दप्तर ठेव, हात धू आणि काकूला हाक मार," असं म्हटलं की ती दप्तर ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. ऐकू सगळं आलेलं असायचं. ती हट्टही करत नसायची. उरलेलं तिच्या हातून निसटलेलं असायचं, आणि ते निसटलं हे तिला कळायचं. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो.

शाळेत हेच व्हायला लागलं. फळ्यावरचं लिहून होईपर्यंत बाई पुढे गेलेल्या असायच्या. मुख्याध्यापिकांनी लेकीला आणि जावयाला बोलावून घेतलं. त्यांच्या ऑफिसात चषकांचं कपाट आहे, आणि भिंतीवर प्रत्येक मूल वेगळं असतं अशा अर्थाची पाटी आहे. त्या पाटीखाली बसून त्यांनी सांगितलं की वर्गाच्या वेगाबरोबर जाणं हिला जमत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुग्णालयाचा अहवाल घेऊन या, मग तिला याच वर्गात ठेवायचं, एक वर्ष मागे बसवायचं, की वेगळी शाळा बघायची ते ठरवू.

बाय दाराबाहेरच्या बाकावर होती. तिने यातलं 'मागे' एवढं बरोबर धरलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "आजोबा, मागच्या वर्गात माझी एक पण मैत्रीण नाही." आजारपणात तिचं एक वर्ष बुडू नये म्हणून याच मैत्रिणी आळीपाळीने घरी वह्या आणून द्यायच्या. तिच्या लेखी तो वर्ग म्हणजे त्या मुली होत्या.

म्हणून तो लॅपटॉप आला. रुग्णालयातल्या एक मानसशास्त्रज्ञ, वयाने माझ्या लेकीएवढ्या, बायच्या 'ताई', त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. रेडिएशनने गाठ मारली, पण मेंदूचा वेग कमी केला. शिकलेलं आत शाबूत आहे. काम करता करता जे थोडा वेळ मनात धरून ठेवावं लागतं, ते धरायची जागा लहान झाली आहे. या खेळांनी ती जागा वापरायचा सराव होतो. पडद्यावर चौकोन उजळतात, त्याच क्रमाने बोट लावायचं. मग उलट्या क्रमाने. कधी आकडे ऐकू येतात, ते शेवटून सुरुवातीकडे सांगायचे. बरोबर आलं की खेळ अवघड होतो, चुकलं की सोपा. आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. ती काय करते ते ताईंना तिकडे त्यांच्या पडद्यावर दिसतं, आणि शुक्रवारी त्यांचा फोन येतो.

"याने ती शाळेत सुधारेल?" जावयाने विचारलं.

"खेळात सुधारेल. शाळेत त्यातलं किती उतरेल, ते मी आत्ता सांगणार नाही."

त्या क्षणी मला ती बाई आवडली. माझ्या आयुष्यात स्वतःच्या मालाबद्दल कमी लिहिणारे फार थोडे भेटले.

पहिले काही दिवस मी दुपारी जाऊन बायजवळ बसत असे. पण दुपारी ती पेंगायची, म्हणून वेळ संध्याकाळची केली, आणि तिथे घोटाळा झाला. संध्याकाळी त्या घरात सगळे असतात. आणि त्यांच्या घरात एक रीत आहे: आजारी माणसाला एकटं सोडायचं नाही. ऑपरेशनच्या वेळी याच रीतीने आम्हाला तारलं होतं. रुग्णालयाच्या दारात रात्रंदिवस या घरातलं कोणी ना कोणी असायचंच. आता तीच माणसं लॅपटॉपभोवती बसू लागली. चुकलं की तो खेळ 'टुंग' असा एक पडेल आवाज करतो. पहिल्या 'टुंग'ला काकू हळहळली. दुसऱ्याला काका पुढे सरकला. तिसऱ्याला विहीणबाई उठून आत गेल्या आणि चिंचोक्यांची वाटी घेऊन आल्या.

त्यांची युक्ती खरोखर हुशारीची होती, हे मान्य केलं पाहिजे. लॅपटॉपशेजारी पाटावर त्यांनी खडूने तेवढेच चौकोन आखले. पडद्यावर चौकोन उजळला की पाटावर त्या जागी एक चिंचोका, दुसरा उजळला की दोन, तिसऱ्याला तीन. पडद्यावरचे दिवे विझले तरी पाटावर सगळं जसंच्या तसं. बायने फक्त बघून बोट लावायचं. आकड्यांसाठी काकू होती. ती आकडे ऐकून बांगड्या मागे सारत मोजायची आणि शेवटचा आधी पुटपुटायची.

मी म्हटलं, "विहीणबाई, हे तिला लक्षात ठेवायचंय. चिंचोक्यांना नाही."

"पोर डोल्यासमोर चुकतंय नि आमी बगत बसाचं? असं आमचे घरान कदी झालं नाय."

"पण खेळ तिच्यासाठी आहे."

"मग पोर कोनाची हाय?"

लेक स्वयंपाकघरातून हसली. नवऱ्याच्या आईशी वाद घालून मी कधी जिंकलेलं तिने पाहिलेलं नाही. जावई कामावरून दमून यायचा, त्याला लेव्हल वर जाताना दिसायची आणि तो खूश व्हायचा. लेव्हल भराभर वर जात होती. खरं सांगायचं तर तो आकडा मलाही आवडायला लागला होता. अहवालात तोच जाणार होता.

बाय मात्र गप्प गप्प झाली. खेळ जसजसा अवघड होत गेला तसे दिवे इतके भराभर लागायला लागले की चिंचोके ठेवताना विहीणबाईंचीच तारांबळ उडायची. "थांब गो जरा!" असं त्या लॅपटॉपला ओरडायच्या. बाय शेजारी हात मांडीवर ठेवून आपली पाळी यायची वाट बघत बसायची.

बायचा काका गावातल्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. त्याचे दोन ट्रेलर बंदरात चालतात, आणि फ्लेक्सवर त्याचा इतका जीव आहे की गावाच्या कमानीला स्वतःचं म्हणून रूप उरलेलं नाही. त्या वर्षी गणपतीच्या आधी त्याने मला फोन केला.

"मास्तर, बॅनर झक्कास झालाय. या बघायला."

बॅनरवर बाय होती. मागे कागद फाडून बाहेर येणारी वाघीण, बाजूला मंडळाच्या कार्यकर्त्यांचे गोल गोल चेहरे, आणि मध्ये सोनेरी अक्षरांत: मृत्यूवर मात करून संगणकावर सातवी लेव्हल पार करणारी आमची वाघीण. खाली सत्काराची वेळ, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. काकाचा स्वतःचा चेहरा बायच्या चेहऱ्यापेक्षा थोडाच लहान होता. त्याच्या मानाने हा त्याग होता.

"कसा?" त्याने विचारलं.

"अक्षरं मोठी आहेत," मी म्हटलं.

त्याच शुक्रवारी ताईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, सगळे बसलेले होते.

"बाय, मस्तच चाललंय की गं! एवढ्या लवकर सातवर? मला जरा नवल वाटलं. तुझं तूच करतेस ना?"

मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काकूने बांगड्या हाताने दाबून धरल्या. बायला उत्तर द्यायला नेहमी थोडा वेळ लागतो. त्या वेळात काका बोलूनही गेला असता, पण लेकीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो थांबला.

"नाही," बाय म्हणाली. "आजी खेळते. काकू खेळते. मी नुसतं बोट लावते." मग जरा थांबून म्हणाली, "ताई, मला खाली पाठवता येतं का?"

"कुठे खाली?"

"माझ्या लेव्हलवर. इथे मला काहीच कळत नाही. माझी कुठली आहे ते मला बघायचंय."

ताई रागावल्या नाहीत. आठवडे फुकट गेले असं म्हणाल्या, आणि ते म्हणताना आवाज चढवला नाही म्हणून ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करू, आणि आता खोलीत कोणी बसू नका.

फोन ठेवल्यावर विहीणबाई उठल्या, चिंचोके वाटीत भरले आणि आत गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दारातच म्हणाल्या, "मास्तर, मी पोरीचं वाईट केलं काय?"

मी म्हटलं, "तुम्ही तिच्या वाटणीचं काम केलंत. आयुष्यभर सगळ्यांच्या वाटणीचं करत आलात, सवय आहे."

"तुमचं बोलनं म्हंजे गोड लागतं नि मागून झोंबतं," त्या म्हणाल्या. पण दुपारी जेवल्या.

संध्याकाळी बायने लॅपटॉप आतल्या खोलीत नेला आणि दारात उभी राहून म्हणाली, "सगळे बाहेर. आजोबा, तुम्ही पण."

तिथून पुढची संध्याकाळ म्हणजे आमची परीक्षा. आम्ही सगळे हॉलमध्ये बसायचो. विहीणबाई वाल सोलायच्या, काकू पोळ्यांची कणीक मळायची, काका मोबाइल उघडून बंद करायचा, मी तेच पान वाचायचो. आतून 'टुंग' यायचं. प्रत्येक 'टुंग'ला विहीणबाईंच्या हातातला वाल सालासकट पातेल्यात पडायचा. एकदा लागोपाठ इतके 'टुंग' झाले की काका उठलाच.

"बस खाली," लेक म्हणाली.

"अगं, रडत असेल ती."

आम्ही कान देऊन ऐकलं. ती रडत नव्हती. ती गुणगुणत होती. विहीणबाई आजूबाजूच्या गावांत लग्नाला धवले म्हणायला जातात. विधी चालू असताना म्हणायची ती जुनी गाणी. त्यातली एक चाल होती, आणि शब्दांच्या जागी आकडे. आकडे ऐकले की बाय ते चालीत बसवायची आणि मग चालीवरूनच उलटे फिरायची.

मी शुक्रवारी ताईंना विचारलं, हे चालतं का. त्या म्हणाल्या, "कोणी सांगितलं तिला?" कोणीच नाही, म्हटलं. "मग चालतं. तिच्या डोक्यात आहे म्हणजे तिचंच आहे." विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसलं. गरज नसताना.

पुढच्या आठवड्यात बाय बाहेर येऊन म्हणाली, "माझी तीन आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सातवरून तीनवर आलं की काय करायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. ती आमच्याकडे बघत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी होतं. एखाद्याला हरवलेली चप्पल सापडली की तो जसा दिसतो तशी ती दिसत होती. मग ती काकाकडे वळली.

"काका, बॅनरवर तीन लिहा."

"अगो, छापून लागला पन. कमानीवर हाय. लोक काय बोलतील? सातवरून तीन?"

"मग काढा."

काकाने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं. फ्लेक्स काढणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शेवटी शिडी आली, आणि सोनेरी 'सातवी'वर पांढरा कागद चिकटवून मार्करने 'तिसरी' लिहिलं गेलं. आरतीला येणारे विचारत राहिले, ही खाली कशी काय आली. काकाने सुरुवातीला टेक्निकल प्रॉब्लेम सांगितला. मग एका संध्याकाळी मी त्याला एका पाहुण्याला सांगताना ऐकलं, "ही तीन आमचे बायची स्वतःची हाय. सात दुसऱ्याची होती." नवी मुंबईत मी जन्मभर फ्लेक्स वाचत आलो. आतला माल आणि वरचं लिखाण जुळणारा तो एकच. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने, कमानीखालून जायला लागलो.

सत्काराला बायने शाल घेतली आणि नारळ आजीला दिला. पाहुण्यांच्या लांबलचक भाषणात ती झोपली. तिच्या रास्त मताशी मी सहमत होतो.

दिवाळी झाली. तोवर तीनची चार झाली होती, कधी कधी पुन्हा तीन. ताईंचा अहवाल आला, त्यात वाघीण वगैरे काही नव्हतं. वेग कमी आहे, एका वेळी थोडंच धरता येतं, सराव प्रामाणिकपणे करते, स्वतःची अडचण ओळखते. एवढ्यावर मुख्याध्यापिका काय ठरवतील, या विचाराने लेकीला आदल्या रात्री झोप नव्हती.

शाळेत आम्ही चौघं गेलो: लेक, बाय, मी आणि विहीणबाई. विहीणबाईंना नको म्हणण्याची हिंमत कोणी केली नाही. मुख्याध्यापिकांनी अहवाल चाळला, चष्मा काढला. "अहवालात फार प्रगती दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आपण प्रत्यक्षच बघू. बाळा, मराठीची वही काढ, आजची तारीख घाल, समास आख आणि पुस्तकातल्या चालू धड्याचा पहिला परिच्छेद उतरव."

बायने वही काढली. तारीख घातली. आणि थांबली.

पेन हवेत होतं.  लेकीने माझा हात धरला. पलीकडे विहीणबाई खुर्चीच्या टोकाला आल्या होत्या. 'समास' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनी पदराचं टोक तोंडात घातलं आणि दातांनी दाबून धरलं.

मुख्याध्यापिका अहवालाकडे बघायला लागल्या, म्हणजे त्यांचं ठरत आलं होतं.

"मॅडम," बाय म्हणाली. "तारखेच्या पुढचं राहिलं. परत सांगाल? चार एकदम नका सांगू. दोन-दोन सांगा, मग मी सगळं करते. फक्त मला वेळ लागतो."

हे तिने रडवेलं होऊन म्हटलं नाही. तिचा आवाज खिडकीवर तिकीट मागणाऱ्या माणसासारखा होता. मुख्याध्यापिकांनी अहवाल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "समास आख. आणि पुस्तक उघड."

तिने समास आखला. पुस्तक उघडलं.

"आता पहिला परिच्छेद."

वेळ लागला. आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो, मुख्याध्यापिकासुद्धा. एकदा शिपाई सही घ्यायला आला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. परिच्छेद पूर्ण झाला. एक वेलांटी चुकली होती, तिची तिनेच खोडून दुरुस्त केली. मुख्याध्यापिकांनी वही हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि वर्गशिक्षिकेला बोलावून सांगितलं: ही याच वर्गात बसेल, पुढच्या बाकावर. हिला सूचना दोन-दोन द्या. परीक्षेला जास्त वेळ. मग बायला म्हणाल्या, "चालेल?"

बायने नेहमीसारखा वेळ घेतला. "पुढच्या बाकावर माझ्या शेजारी कोण?"

"तू सांग."

तिने एका मैत्रिणीचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण ते सांगायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

खेळांनी तिचा मेंदू सुधारला, की आपलं नेमकं कुठे अडतं ते तिला कळलं, हे मला ठाऊक नाही. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, दोन्ही असेल, कदाचित दुसरंच जास्त. मला दोन्ही चालतं. माझ्या ओळखीत अशी मोठी माणसं आहेत, मोठ्या खुर्च्यांवर बसलेली, ज्यांना अर्ध्या गोष्टी कळत नाहीत आणि जी मान हलवत राहतात. 'परत सांगा' असं तोंडातून निघालेलं त्यांच्यापैकी एकाचंही मी ऐकलेलं नाही. माझी नात दहा वर्षांची आहे.

ती दप्तर घेऊन वर्गाकडे गेली. वर्गाचं दार उघडलं, आतून मुलींचा एकच गलका आला, आणि दार लागलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. लेक भिंतीला टेकून रडत होती. विहीणबाईंनी पदराचं चुरगळलेलं ओलं टोक हाताने सरळ केलं आणि मला कोपराने ढोसलं.

"मास्तर, बगलाव ना? एक अक्षर बोल्ले नाय मी."

"बघितलं," मी म्हटलं. "तुमच्या जागी मी असतो तर बोललो असतो."

"तुमी बोल्लाच असताव," त्या म्हणाल्या आणि ताठ मानेने फाटकाकडे चालू लागल्या.